ताज्या जिनसेंगचं लाल जिनसेंग घरी कसं करावं

जिनसेंग हे कोरियातलं नावाजलेलं औषधी मूळ. ताजं मूळ वाफवून वाळवलं की त्याचं लाल जिनसेंग होतं. दक्षिण कोरियातलं गुमसान हे जिनसेंगचं गाव. इथला बाजार 2 आणि 7 नं संपणाऱ्या तारखांना भरतो आणि ताजं मूळ 'छे' या मापानं विकतात. एक छे म्हणजे 750 ग्रॅम. सहा वर्षांच्या मुळाचाच हट्ट धरू नका, घरच्यासाठी चार-पाच वर्षांचं पुरतं. मुळं टणक हवीत आणि जाडीला साधारण सारखी हवीत, कारण जाड-बारीक एकत्र घेतलीत तर वाळवताना रडाल. मऊ ब्रशनं माती काढा. साल सोलू नका: जिनसेनोसाइड, म्हणजे ज्यासाठी हा खटाटोप करायचा ती द्रव्यं, बाहेरच्या थरातच जास्त असतात. केसासारखी मुळं कापून वेगळी ठेवा, ती चहाला उत्तम.

आता वाफवणं. मोदकपात्र असेल तर दुसरं काही घेऊ नका. गार पाण्यापासून सुरुवात करून मंद आचेवर तापवा आणि वाफ धरल्यावर अडीच-तीन तास ठेवा. मुळं पाण्यात बुडवून उकडायची नाहीत, सत्त्व पाण्यात उतरतं. कुकरच्या शिट्ट्याही नकोत. तळाशी जमलेलं तपकिरी पाणी फेकाल तर अर्धी मेहनत मोरीत गेली म्हणून समजा, ते प्या.

आत काय होतं? ताज्या मुळातल्या आरबी-1 सारख्या मोठ्या जिनसेनोसाइडच्या साखरा उष्णतेनं तुटतात आणि आरजी-3, पुढे आरके-1 आणि आरजी-5 तयार होतात. ताज्या मुळात ही जवळपास नसतातच. अमिनो आम्लं आणि साखर यांच्या अभिक्रियेतून लालसर तपकिरी रंग येतो. पिष्टमय भाग शिजून मूळ काचेसारखं घट्ट होतं.

आता वाळवणं. बहुतेक सूचनांमध्ये 'नंतर उन्हात वाळवा' एवढंच लिहिलेलं असतं आणि माल वाया जातो तो नेमका इथेच. मलाही हाच टप्पा सगळ्यात जास्त छळत आला. रंग छान येतो, साल खडखडीत होते, माणूस खूश होऊन बरणी भरतो. पण शिजलेल्या पिष्टाचा बाहेरचा थर लवकर घट्ट होतो आणि आतलं पाणी कोंडतं. महिन्याभरात बरणी उघडावी तर आंबूस वास, नाहीतर बुरशी. बुरशी आलेलं मूळ पुसून, पुन्हा वाळवून वापरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. टाकून द्या.

पहिल्या दिवशी डिहायड्रेटर (अन्न वाळवायचं यंत्र) 50 ते 60 अंशांवर लावा, त्याच्या वर जाऊ नका. पृष्ठभाग बोटाला चिकटेनासा झाला की थांबवा. मग मुळं कागदात गुंडाळून रात्रभर बंद डब्यात ठेवा. सकाळी ती पुन्हा मऊ लागतील. घाबरू नका, आतली ओल बाहेर आली आहे. दिवसभर ऊन किंवा पंखा, रात्री पुन्हा डबा. रात्री डब्यात ठेवूनही मऊ पडेनाशी होईपर्यंत हे चालू ठेवा. पावसाळी हवेत हा उद्योग सुरूच करू नका.

वाळलं की नाही हे डोळ्यांनी ठरवायचं नाही, वजनकाट्यानं ठरवायचं. ताज्या मुळात 70 ते 75 टक्के पाणी असतं. टिकायला ते 14 टक्क्यांच्या आसपास यायला हवं. हिशोब सोपा आहे: वाफवण्याआधी 750 ग्रॅम भरलेली मुळं शेवटी साधारण 220 ते 260 ग्रॅम भरली पाहिजेत. काटा 300 दाखवत असेल तर रंग कितीही लाल असो, वाळवत राहा. खरं तर वाफवायची रीतच टिकवण्यासाठी आहे. 1123 मध्ये गोर्योला, म्हणजे तेव्हाच्या कोरियाला, आलेला चीनच्या सोंग दरबाराचा दूत शू जिंग यानंही लिहून ठेवलंय की कच्च्या मुळाला उन्हाळ्यात कीड लागते, शिजवलेलं टिकतं.

नऊ वेळा वाफवून 'काळं' करायच्या नादी घरी लागू नका. जास्त आचेवर वारंवार वाळवलं तर बेन्झोपायरीन हे कर्करोगकारक द्रव्य तयार होऊ शकतं. काळ्या जिनसेंगसाठी कोरियात त्याची मर्यादा ठरवून दिलेली आहे, आणि ती तपासायची सोय आपल्या ओट्यावर नाही.

वापर सोपा: दिवसाला 2-3 ग्रॅम काप मंद आचेवर तासभर उकळून ते पाणी सकाळी घ्या. संध्याकाळी घेतलं तर काहींची झोप उडते. कोरियाच्या अन्न व औषध प्रशासनानं लाल जिनसेंगला थकवा, प्रतिकारशक्ती, स्मरणशक्ती अशा मोजक्या दाव्यांची परवानगी दिली आहे, तीही पूरक आहार म्हणून. मधुमेह बरा होतो वगैरे फॉरवर्ड डिलीट करा. उलट मधुमेहाच्या गोळ्यांसोबत साखर जास्त उतरू शकते आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिन या औषधाचा परिणाम कमी होऊ शकतो, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारा. गरोदरपणात नकोच.

आणि गावाकडून फोनवर हमखास येणारा प्रश्न: 'अश्वगंधा वाफवली तर चालेल का?' नाही. तिला भारतीय जिनसेंग म्हणतात खरं, पण ती वांग्या-टोमॅटोच्या कुळातली. तिच्यात विथॅनोलाइड नावाची वेगळी द्रव्यं असतात, जिनसेनोसाइड नाहीत. वाफवून आरजी-3 येणार कुठून?