ऑटोमन घेऊनही हरताय? या चुका टाळा

युरोपा युनिव्हर्सलिस ४ हा देश चालवायचा कॉम्प्युटर गेम शिकायला बसलेला माणूस पहिला ऑटोमन, म्हणजे तुर्की साम्राज्य, घेतो. बरोबरच आहे. ११ नोव्हेंबर १४४४ ला खेळ उघडतो, वार्नाची लढाई आदल्याच दिवशी जिंकलेली, गादीवर मेहमेद दुसरा, बायझंटियम हाताच्या अंतरावर. तरी दर सुट्टीत कुणीतरी मला स्क्रीनशॉट पाठवतं, "दादा, मस्त चाललं होतं, अचानक सगळं कोसळलं." अचानक काही कोसळत नसतं. छोट्या देशाला घासच एखाददुसरा, तो चुकणार किती? ऑटोमनला चारही बाजूंनी ताट वाढलेलं दिसतं, आणि आपण दोन्ही हातांनी सुरू होतो.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे अ‍ॅडमिन पॉइंट, म्हणजे दर महिन्याला मिळणारे कारभाराचे गुण, न बघता तह करणं. ही मी स्वतः केलीय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मे महिना, गंगापूर रोडचं घर, कूलर नुसता आवाज करतोय, रात्रीचा एक वाजलेला. मामलुकांना, म्हणजे इजिप्त-सीरियाच्या राज्यकर्त्यांना, मी पार झोपवलं होतं. तहाच्या खिडकीत हलब, दमास्कस आणि खालचा किनारा असे प्रांत टिक करत गेलो, १२० च्या आसपास डेव्हलपमेंट (प्रांताच्या समृद्धीचा आकडा) जमा झाली. जिंकलेला प्रांत कोअर, म्हणजे कायमचा आपला, करायला दर डेव्हलपमेंटला मूळ भाव १० अ‍ॅडमिन पॉइंट, म्हणजे सवलती धरूनही हजाराच्या आगेमागे. माझ्याकडे होते ४०. कारण तासाभरापूर्वीच मी 'पॉइंट पडून आहेत' म्हणून टेक्नॉलॉजी घेऊन बसलो होतो, तीही वेळेआधीची, दंड भरून.

कोअर न केलेल्या जमिनीचं ओझं, म्हणजे ओव्हरएक्स्टेन्शन, शंभर टक्क्यांच्या वर गेलं की खेळ तुमच्या मागेच लागतो. आधी दमास्कसला बंड, मग अनातोलियात, ते मोडायला फौज नेली तर सर्बिया पेटला. महिन्याला आठ-नऊ पॉइंट यायचे. ते साठवून एक प्रांत कोअरला लावायचा, त्याला तीन वर्षं, तोवर पुढचा पेटलेला. मनुष्यबळ तळाला. शेवटी सीरिया मांडलिक म्हणून सोडला, जमीन त्याच्या गळ्यात मारली आणि सुटलो. सुलतान सलीमने १५१६-१७ मध्ये सीरिया आणि इजिप्त दोन्ही घेतले, पण त्याला कोअर करावं लागत नव्हतं.

आता माझी सवय सांगतो, पटली तर घ्या. शाळेची जुनी वही कीबोर्डशेजारी असते. युद्ध पुकारण्याआधी त्यात दोनच आकडे लिहितो: काय घेणार त्याची डेव्हलपमेंट आणि हातातले अ‍ॅडमिन पॉइंट. जुळत नसेल तर युद्ध नाही, शेजारी कितीही लुळा पडलेला असो. नॅशनल फोकस, म्हणजे कुठले पॉइंट जास्त हवेत ती निवड, अ‍ॅडमिनवर ठेवतो. बाकी दोन्हींतून, डिप्लोमॅटिक आणि लष्करी, एकेक पॉइंट जातो, जाऊ दे. आणि कर्ज काढून मोहीम करणाऱ्यांना मी नाशिकच्या आनंदवल्लीची आठवण देतो. तिथे ज्यांचा वाडा होता त्या राघोबादादांची फौज १७५८ मध्ये अटकेपर्यंत पोचली आणि दादा पुण्याला परतले ते ८० लाखांचं कर्ज घेऊन.

दुसरी चूक कोअलिशनची, म्हणजे चिडलेल्या देशांनी तुमच्याविरुद्ध केलेल्या एकीची. दिवाळीत सटाण्याहून भाचा आला होता. फराळाचं ताट मांडीवर, खेळ पाचाच्या वेगावर. "मामा, बघ ना, कुणी अडवतच नाही!" सर्बिया, बोस्निया, व्हलाकिया, मग हंगेरीचा तुकडा, मग व्हेनिसचा. मी म्हटलं, अरे, डिप्लोमसीचा नकाशा उघड एकदा. "ते नंतर." तुम्ही जमीन घेत सुटलात की एखाद्या देशाच्या मनात साचणारा राग, म्हणजे अ‍ॅग्रेसिव्ह एक्स्पान्शन, ५० ओलांडलं की तो देश तुमच्याविरुद्धच्या कोअलिशनमध्ये शिरू शकतो, आणि हा राग वर्षाला साधारण दोननेच उतरतो. याचा ऑस्ट्रियाजवळ ७० होता. ज्याच्याशी तहाची मुदत चालू आहे तो देश कोअलिशनमध्ये येत नाही, म्हणून हंगेरी गप्प होता. तहाची मुदत संपली आणि हंगेरी, ऑस्ट्रिया, पोलंड, व्हेनिस एकदमच आले. त्यात पठ्ठ्याने पैसे वाचवायला सैन्याचा मेंटेनन्स, म्हणजे देखभालीचा खर्च, तळाला नेलेला. सैनिक मोजायला भरपूर, मोराल, म्हणजे मनोधैर्य, नाही. पहिल्याच लढाईत पळाले.

मग त्याने काय करावं? जुनी सेव्ह फाईल उघडली. मी उठून स्वयंपाकघरात गेलो. आयर्नमॅनवर खेळा हो, त्यात मागे जाता येत नाही. फाईल मागे नेऊन जिंकणारा दहा वर्षं खेळला तरी त्याला तह करता येत नाही.

यावर उपाय सोपा, फक्त धीर लागतो. पश्चिमेकडे एक घास घेतला की तोंड पूर्वेला फिरवायचं. करामान आहे, अक कोयुनलू आहे, मामलुक आहेत, सगळे पूर्वेचे सुन्नी शेजारी. सुन्नी शेजारी चिडतात तोवर ऑस्ट्रिया निवतो. एक राजदूत कायम सगळ्यात चिडलेल्याच्या दरबारात बसवून ठेवा. खऱ्या ऑटोमनांनाही हे सुटलं नाही: १६८३ ला व्हिएन्ना हुकलं, पुढच्याच वर्षी त्यांच्याविरुद्ध युरोपीय देशांची होली लीग उभी राहिली आणि १६९९ च्या तहात हंगेरीचा बहुतेक भाग गेला.

बाकीच्या चुका किरकोळ. डोंगरात चाळीस हजारांची फौज एकाच प्रांतात उभी करू नका, न लढता वितळते. मर्यादेबाहेर मित्र जोडले तर दर जादा मित्रामागे महिन्याला एक डिप्लोमॅटिक पॉइंट जातो. महागडे सल्लागार तिजोरी भरल्यावर. यूट्यूबवर बघून '१५०० च्या आत अमुक प्रांत' असलं वेळापत्रक लावू नका, त्या माणसाने तो खेळ शंभरदा खेळलेला असतो. आणि वेग पाचवर फक्त शांततेत. मी तर दर १ जानेवारीला पॉज करतोच, चहा ठेवायला वेळ मिळतो.

परवा भाच्याचा फोन आला. म्हणाला, यावेळी आयर्नमॅन, मामलुक आडवे केलेत, तहाला बसलोय.

"अ‍ॅडमिन किती?"

"सदतीस."

"मग थोडंच घे."

पलीकडे जरा वेळ शांतता. "घेतलं मामा. सगळंच."