पॅसिव्ह आरएफआयडी टॅग लांबून वाचायचा असेल तर

आरएफआयडी टॅग म्हणजे रेडिओ लहरींनी वाचता येणारी ओळखचिठ्ठी. पॅसिव्ह टॅगला बॅटरी नसते. त्यातली चिप चालते ती रीडरच्या, म्हणजे टॅग वाचणाऱ्या यंत्राच्या, लहरींवर. म्हणून आधी पाहा, टॅग कशावर चिकटवलाय. पत्र्यावर साधा यूएचएफ (लांबून वाचता येणारा, उच्च वारंवारतेचा) टॅग जवळपास मुकाच होतो, कारण धातूमुळे त्याच्या अँटेनाचं ट्यूनिंग बिघडतं. मध्ये ५ ते १० मिलिमीटर फोम द्या, नाहीतर सरळ धातूसाठीचा टॅग घ्या.

मग रीडर आणि त्याच्या अँटेनामधली केबल. तिच्यात ३ डेसिबल, म्हणजे निम्मी शक्ती, गेली की पल्ला सुमारे ३० टक्के घटतो. आखूड आणि जाड केबल वापरा. भारतात रीडरचा अँटेना ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा हवा. अमेरिकी ९०२ ते ९२८चा स्वस्त मिळाला तरी नको.

टॅग जागा होतो, पण डेटा तुटतो? टॅगने डेटा कोणत्या सांकेतिक पद्धतीने पाठवायचा ते रीडरमध्ये ठरवता येतं; तिथे एफएम-० ऐवजी मिलर-४ निवडा. वेग कमी होईल, पण गोंगाटात वाचन टिकेल.