सोसायटीत दुपारच्या स्वस्त विजेची बचत कशी वाटावी

केंद्राच्या 2023च्या नियमदुरुस्तीनुसार उन्हाच्या आठ तासांतला दर नेहमीपेक्षा किमान 20 टक्के कमी हवा आणि गर्दीच्या (विजेला सर्वाधिक मागणी असलेल्या) वेळचा दर घरगुती ग्राहकाला किमान 10 टक्के जास्त. त्यासाठी स्मार्ट मीटर लागतो. महावितरणचे स्वस्त तास सकाळी 9 ते संध्याकाळी 5 आहेत. रुपयांतला फरक मात्र आपल्या बिलावरूनच काढा.

सुरुवात पाण्याच्या पंपापासून करा, त्यात कुणाची गैरसोय नाही. 5 अश्वशक्तीची मोटर तासाला साधारण 4.4 युनिट खाते. रोजचे दोन तास संध्याकाळऐवजी दुपारी चालवले, तर महिन्याला 264 युनिट स्वस्त वेळेत जातात. आधी वरची टाकी तपासा. 160 माणसांना माणशी 135 लिटर धरले तर दिवसाला 21,600 लिटर लागतात. त्यातलं संध्याकाळी 5 ते सकाळी 9पर्यंतचं पाणी टाकीत मावलं पाहिजे. टायमर फ्लोटच्या (टाकीतल्या पातळीनुसार मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) सर्किटमध्ये सिरीजने जोडा, म्हणजे दोन्ही चालू असतील तेव्हाच मोटर चालेल, नाहीतर पातळी उतरली की मोटर संध्याकाळी सात वाजताही सुरू होते. टायमर बॅटरी बॅकअपचाच घ्या. साधा टायमर वीज गेली की थांबतो, आणि दोन तास वीज गेली तर मोटर 5ऐवजी 7 वाजता बंद होते, नेमकी महाग वेळेत. अडचणीसाठी वॉचमनजवळ बायपास स्विच हवाच.

पंपाचं बिल सेवाशुल्कातून घरटी समान जातं, म्हणून ही बचतही घरटी समान वाटा.

इलेक्ट्रिक गाड्यांचा हिशेब वेगळा. ‘मागच्या महिन्यापेक्षा जितकं कमी तितकी सूट’ हे सूत्र टाळा: आधीपासून जपून वापरणाऱ्याला काहीच मिळत नाही, आणि काहीजण मोजणीच्या महिन्यात वापर फुगवतात. ज्या वेळी जितके युनिट घेतले, त्या वेळच्या दराने तितके पैसे लावा. एकच आकडा दाखवणारा सबमीटर इथे निरुपयोगी आहे. वेळेनुसार नोंद ठेवणारा मीटर किंवा चार्जर लागतो. त्याचा खर्च गाडीवाल्यांनीच करावा.

दिवसभर ऑफिसात असणाऱ्यांना दुपारची सूट मिळणार नाही. त्यांना मध्यरात्रीनंतरची पाळी द्या, म्हणजे गर्दीचा जादा दर लागू असेल तर निदान तो चुकतो. 7.4 किलोवॉटचे चार चार्जर एकदम लागले की जवळपास 30 किलोवॉट भार येतो. त्यापायी मंजूर भार (जोडणीवर एका वेळी घेता येणारी वीज) वाढवावा लागला, तर बिलातला वाढीव स्थिर आकार गाडी नसलेल्या घरांवर टाकू नका.

लिफ्ट आणि जिन्यातले दिवे या योजनेत आणूच नका. चार पैशांसाठी वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना पायऱ्या चढायला लावणं योग्य नाही. वाटपाचं सूत्र सर्वसाधारण सभेत ठरावाने मंजूर करा आणि युनिट, दर, प्रत्येकाची सूट दरमहा फलकावर लावा.