शॉकला नेण्याआधी घरातच काय विचारून ठेवावं

पहिल्या दिवशी आम्ही तसेच परत आलो. कारण काय, तर पेज! एवढ्या लांब उपाशीपोटी कसा जाईल म्हणून आईने पहाटे धाकट्या भावाला वाटीभर पाजली, आणि भुलीच्या डॉक्टरांनी ईसीटी, म्हणजे मानसिक आजारावर भूल देऊन मेंदूला देतात तो विजेचा शॉक, रद्द केली. बरोबरच केलं. भुलीत पोटातलं उलटून फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. रात्रीच्या जेवणानंतर पेज नाही, दुधाचा चहा नाही. पाणी कधीपर्यंत चालेल, बीपीची गोळी घ्यायची का, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

दुसरं आमच्या राजापूरकडचं. भाऊ आंब्याच्या कलमांवर फवारणी करतो, हे फाइलीत कुठेच नव्हतं. ऑरगॅनोफॉस्फेट जातीच्या कीटकनाशकांमुळे रक्तातलं एक एन्झाइम कमी होतं. अंग सैल करायला देतात त्या सक्सिनिलकोलिनचा असर त्याच एन्झाइममुळे काही मिनिटांत उतरतो. ते कमी असेल तर माणूस बराच वेळ स्वतःहून श्वास घेऊ शकत नाही. मोहोराला फवारणी केली असेल तर बाटलीच्या लेबलचा फोटो न्या. पूर्वी कधी विष घेतलं असेल तर तेही सांगा, तिथे अब्रू बघू नका. हे एन्झाइम कमी असणं आनुवंशिकही असतं. तेव्हा ऑपरेशननंतर घरातल्या कुणाचा श्वास लवकर आला नव्हता का, हे आत्या-काकूंना विचारा.

ईसीटी मुळीच देऊ नये असा आजार जवळपास नाही. पण शॉकने फिटसारखा झटका येतो, त्यात नाडी आधी मंदावते, मग नाडी-बीपी दोन्ही चढतात. म्हणून मेंदूतली गाठ, नुकताच आलेला हार्ट अटॅक किंवा पक्षाघात, फुगलेली रक्तवाहिनी यांत धोका फार. हलते दात, कवळीही सांगा.

गोळ्यांची पिशवी अख्खी न्या. लिथियममुळे नंतर भ्रम होऊ शकतो, दम्याच्या थिओफिलिनने झटका लांबतो, फिटच्या गोळ्यांनी नीट येत नाही. मनाने मात्र काही बंद करू नका.

भूल न देता शॉक देतो म्हणाले, तर उठून या. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने ते बंद आहे.

त्या दिवशी गाडीची किल्ली लपवा. आणि विसरण्याची तयारी ठेवा. आमच्या भावाने महिन्यापूर्वीच्या शिमग्यात पालखी नाचवली होती. फोटो दाखवला, तर म्हणतो, "मी होतो होय?"