सोनं दिसलं की क्रिस जुनी? या चुका टाळा

लोक मला क्रिसचे, म्हणजे इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या कट्यारीचे, फोटो दाखवतात आणि प्रश्न ठरलेला असतो: "सोन्याचं काम आहे, म्हणजे जुनीच ना?" नाही. या कट्यारीचं पातं, पात्याच्या बुडाशी बसवलेली गोंजो नावाची पट्टी, त्यावरचं सोनं, मूठ आणि म्यान हे सगळं वेगवेगळ्या काळातलं असू शकतं. प्रत्येकाचं वय वेगळं काढावं लागतं आणि नवशिक्यांना नेमका तेवढाच धीर नसतो.

जावातल्या सोलो शहरात एका दुकानात मी नागमोडी पात्याची, १३ वळणांची क्रिस घेतली होती. गोंजोवर सोन्यात उठवलेले हत्ती आणि सिंह. ही गजसिंह नक्षी मानाची. १६२७ मध्ये पाती प्रांतातलं बंड मोडल्यावर माताराम राज्याच्या सुलतान आगुंगने पराक्रम गाजवणाऱ्यांना ती बहाल केली, असं परंपरा सांगते. दुकानदाराने ती कथा रंगवून सांगितली आणि मी कथेचे पैसे मोजले.

संध्याकाळी ज्यांना मी आदराने 'पाक' (तिकडचं 'काका') म्हणतो, त्या तिथल्या जुन्या संग्राहकांनी हातात भिंग दिलं. "सोनं बघू नकोस, सोन्याची कड बघ." सिंहाच्या पाठीवर गंजाने पडलेले खड्डे होते आणि सोन्याचा पत्रा त्या खड्ड्यांत उतरला होता. म्हणजे लोखंड आधी खाल्लं गेलं, सोनं मागून चढलं. त्याहून वाईट, सिंहाच्या भोवतालची जमीन स्वच्छ, गुळगुळीत होती आणि दोन बोटं पलीकडे पुन्हा खड्डे. जुनी गोंजो खरवडून सिंह वर आणला होता. एक चांगली, साधी, जुनी गोंजो कायमची गेली, याचं मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटतं.

तेव्हापासून मी १० पटीच्या भिंगाशिवाय पात्याला हात लावत नाही, आणि सोनं जिथे झडलंय तिथे आधी बघतो. आपल्याकडच्या कोफ्तगिरीत लोखंडावर बारीक आडव्यातिडव्या रेघा मारून सोनं धरवतात. तशा रेघांच्या खुणा खाली दिसल्या तर पुढे बोलू. डिंकासारखा थर दिसला तर पातं खाली ठेवतो.

मात्र 'मागून चढवलेलं' म्हणजे 'खोटं' नव्हे. मान म्हणून आधीच्या पात्यावर सोनं चढवण्याची रीतच होती. शंभर वर्षांपूर्वी जुन्या पात्यावर चढलेलं सोनं हा त्या पात्याचा इतिहास आहे. विकण्यासाठी गेल्या वर्षी चढवलेलं सोनं ही फसवणूक आहे.

दुसरी चूक: खड्डे म्हणजे वय. मदुरा बेटावर सुमेनेपच्या बाजूला आजही उत्तम पाती घडतात आणि घडवणारे ती नवी म्हणूनच देतात. पुढे कुणीतरी त्यांना ॲसिड पाजतो आणि 'माजापाहित काळातली', म्हणजे जावातल्या त्या जुन्या साम्राज्याच्या काळातली, म्हणून विकतो. खरं पातं पिढ्यान्‌पिढ्या सुरा या जावाच्या पंचांगातल्या महिन्यात लिंबाने धुतलं जातं, त्यामुळे ते कडांनी झिजतं, अरुंद होतं, बुडाजवळचे ग्रेनेंगचे दाते बोथटतात. अंगभर खड्डे आणि दाते मात्र कालच कापल्यासारखे, असं दिसलं की मी किंमतही विचारत नाही.

वळणं मोजून वय कळत नाही. म्यान जुनं म्हणून पातं जुनं ठरत नाही. जड पातं म्हणजे प्राचीन पातं, हा समज सोडा. फोटोवरून निदान मागू नका, मी देत नाही.

घाई करणाऱ्यांना मी डचांविरुद्ध लढलेला जावाचा राजपुत्र दिपोनेगोरो याच्या क्रिसचं उदाहरण देतो. ती नेदरलँड्सच्या संग्रहांत दीड शतकाहून अधिक काळ होती, तरी नेमकी कुठली ते पक्कं नव्हतं. जुनी टिपणं आणि पात्यावर उरलेले सोन्याचे अंश जुळवल्यावर ती ओळखली गेली आणि मार्च २०२० मध्ये इंडोनेशियाला परत मिळाली. तुम्हाला पाच मिनिटांत उत्तर कसं देऊ?

आणि घरी आणलेलं पातं सँडपेपरने घासू नका. पामोरची, म्हणजे थरांची नक्षी उठावी म्हणून चढवलेला काळा रंग निघून जातो आणि तो पुन्हा चढवणारा माणूस आपल्याकडे मिळणार नाही. तो रंग सोमल (आर्सेनिक, विषारी) आणि लिंबाच्या रसाचा असतो, तेव्हा हातमोजे घाला आणि मुलांना दूर ठेवा.