मॅन्युअल नसलेला जुना फ्लॅश कसा शिकायचा

मामा लग्नाचे फोटो काढायचे, त्यांचा विविटार 283 माझ्याकडे आला तो नुसता फ्लॅश, ना डबा ना मॅन्युअल. इथे सगळं 283 धरूनच सांगतोय, पण त्या काळातल्या बहुतेक ऑटो फ्लॅशना, म्हणजे समोरून परत येणारा उजेड मोजून आपोआप थांबणाऱ्यांना, हेच लागू होतं.

एक गोष्ट पहिल्यांदा, हात जोडून सांगतो, फ्लॅश उघडू नका. आतला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, 300 व्होल्टच्या आसपास चार्ज होतो आणि सेल काढले तरी तो चार्ज बराच वेळ आत राहतो. स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवा, शिकायला तो लागतच नाही.

आधी सेलचा कप्पा बघा. माझ्या फ्लॅशमध्ये जुने सेल फुटून पट्ट्यांवर पांढरी पूड साचली होती. अल्कलाइन सेलची पूड असेल तर इअरबडला व्हिनेगर किंवा लिंबाचा थेंब लावून पुसायची, मग थोड्या पाण्याने, मग पूर्ण कोरडं करायचं. पट्टी हिरवट झाली असेल तर बारीक पॉलिश पेपर हलकासा फिरवा. नंतर चार नवीन पेन्सिल सेल, प्लस मायनस नीट बघून.

आता स्विच ऑन करा आणि कान द्या. बारीक सूंऽऽ असा आवाज येतो, तो हळूहळू चढत जातो आणि मागचा छोटा दिवा लागतो, तोच रेडी लाइट. वर्षानुवर्षं पडून असलेल्या फ्लॅशला पहिल्यांदा वेळ लागतो, मिनिटभर थांबावं लागलं तरी घाबरू नका, पण दोन-तीन मिनिटं झाली आणि दिवा नाही, किंवा जळका वास आला, अंग गरम झालं तर लगेच बंद. दिवा लागला की लगेच फ्लॅश मारू नका, पाचेक मिनिटं तसाच ऑन ठेवा, मग टेस्टचं बटण दाबा, परत चार्ज होऊ द्या, असं सहा-सात वेळा. कपॅसिटर पडून पडून सुस्तावलेला असतो, तो असा हळूहळू वळणावर येतो. माझ्याकडे पहिल्या चार्जला 50 सेकंद लागले होते, शेवटी शेवटी 12 वर आलं.

कॅमेऱ्यावर चढवायच्या आधी ट्रिगर व्होल्टेज, म्हणजे फ्लॅशकडून कॅमेऱ्याच्या जोडणीवर येणारं व्होल्टेज मोजा, हे टाळू नकाच. मल्टीमीटर डीसीवर, सगळ्यात वरच्या रेंजला, फ्लॅश ऑन करून रेडी लाइट लागल्यावर लाल पिन फ्लॅशच्या पायाच्या (कॅमेऱ्यावर बसणारा भाग) मधल्या टोकाला आणि काळी बाजूच्या धातूला लावायची, बोटं दोन्हीला एकदम लागू द्यायची नाहीत. जपानमध्ये बनलेल्या जुन्या 283 ला साधारण 200 व्होल्टच्या वर आकडा येतो, नंतरच्या कोरियातल्यांना बराच कमी, पण लेबल बघून ठरवू नका, मोजाच. जुन्या मेकॅनिकल कॅमेऱ्याला एवढं चालतं. डिजिटल असेल तर त्या कॅमेऱ्याला किती झेपतं ते आधी बघा, जास्त असेल तर मध्ये व्होल्टेज कमी करणारा सेफ सिंक अडॅप्टर लावा.

शटर स्पीडचं थोडक्यात: कॅमेऱ्याच्या सिंक स्पीडच्या वर जायचं नाही, म्हणजे ज्या स्पीडपर्यंत फ्लॅश पडताना शटर पूर्ण उघडं असतं त्याच्या. पेंटॅक्स के1000 या जुन्या फिल्म कॅमेऱ्याला तो 1/60 आहे, डायलवर एक्सची खूण असते. मी एकदा 1/250 वर अख्खा रोल काढला होता, निम्मी फ्रेम उजेडात आणि निम्मी काळी आली, लग्नाचे फोटो होते ते, परत मिळणारे नव्हते. म्हणून सांगतोय, प्रत्येक वेळी डायल बघा.

आता खरं काम. मॅन्युअलमधला सगळ्यात महत्त्वाचा आकडा असतो गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशची ताकद, आणि तो घरी काढता येतो. फ्लॅश एम वर ठेवा म्हणजे पूर्ण ताकद, कॅमेरा आयएसओ 100 (फिल्मचा स्पीड). आईला खुर्चीत बसवलं, फ्लॅशपासून टेपने मोजून बरोबर 10 फूट, आणि तिच्या हातात अ‍ॅपर्चरचा (लेन्सचं भोक किती उघडं त्याचा) आकडा लिहिलेला कागद, एफ 4, 5.6, 8, 11 असं बदलत एकेक फोटो. प्रत्येक वेळी रेडी लाइट लागल्यावर अजून पाच-सहा सेकंद थांबायचं, कारण दिवा पूर्ण चार्ज व्हायच्या आधीच लागतो. जो फोटो बरोबर येईल त्याचं अ‍ॅपर्चर गुणिले 10, हाच तुमचा गाइड नंबर. 283 चा अधिकृत आकडा 120 फूट. माझ्या हॉलमध्ये 8 आणि 11 च्या मधला, म्हणजे साधारण 100 आला आणि रात्री गच्चीवर 80, कारण हॉलच्या पांढऱ्या भिंती उजेड परत फेकतात, गच्चीवर तसं काही नाही. दोन्ही आकडे लिहून ठेवा. नंबर भागिले अंतर म्हणजे अ‍ॅपर्चर: 80 धरला तर 5 फुटांवर एफ 16, 20 फुटांवर एफ 4, आणि आयएसओ 400 ला नंबर दुप्पट म्हणजे 160.

फ्लॅशच्या पुढच्या सेन्सरवरचे (उजेड मोजणारा डोळा) रंग बघा, पिवळा, लाल, निळा, जांभळा, हे ऑटोचे. बाजूच्या डायलवर फिल्मचा स्पीड लावला की प्रत्येक रंगासमोर एक अ‍ॅपर्चर आणि किती लांबपर्यंत पोचेल ते दिसतं, ते अ‍ॅपर्चर लेन्सवर लावायचं, एवढंच. म्हणजे खरं तर अर्धं मॅन्युअल त्या डायलवर छापलेलंच आहे. ऑटो चालतंय का ते कॅमेऱ्याशिवाय कळतं: सेन्सरसमोर फूटभर अंतरावर पांढरा कागद धरून फ्लॅश मारा, रेडी लाइट जवळजवळ लगेच परत लागला पाहिजे. मग सेन्सरवर बोट ठेवून मारा, आता पूर्ण ताकद जाईल आणि सूंऽऽ बराच वेळ चालेल. दोन्हीत फरकच नसेल तर सेन्सर गेलाय, एम वर वापरा, तुमचा गाइड नंबर आहेच. आणि एक फार छान सोय, डोकं वर छताकडे केलं तरी सेन्सर समोरच बघत राहतो, त्यामुळे छतावरून उजेड टाकूनही ऑटो बरोबर चालतं. घरातल्या माणसांचे फोटो मी तसेच काढतो, चेहरे मऊ येतात.

काम झालं की सेल काढून ठेवा, महिन्यातून एकदा घालून चार-पाच वेळा मारा. मी दोन्ही नंबर पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून फ्लॅशच्या पाठीवर लावलेत, हॉल 100, गच्ची 80.