एसटीपीतला (सांडपाणी प्रक्रिया केंद्रातला) गाळ नीट बसतो का? अर्ध्या तासाची चाचणी

हवा सोडणारा ब्लोअर चालू असताना एरेशन टँकमधून (जिथे सांडपाण्यात हवा सोडतात) एक लिटर पाणी मेजरिंग सिलिंडरमध्ये घ्या आणि 30 मिनिटं अजिबात हलवू नका. चॉकलेटी गाळ 250 ते 400 मिलीवर बसला, वर नितळ पाणी दिसलं, की सांडपाणी साफ करणारे जिवाणू ठणठणीत आहेत. (एमबीबीआरला, म्हणजे प्लास्टिकच्या तुकड्यांवर जिवाणू वाढवणाऱ्या पद्धतीला, हे आकडे लागू नाहीत.) 200च्या खाली असेल तर गाळ काढणं थांबवा, 400च्या वर गेला तर रोज थोडाथोडा काढा, एकदम उपसू नका.

काळपट रंग, कुजका वास म्हणजे हवा कमी पडतेय. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 2 मिलिग्रॅमच्या आसपास हवाच. वीज वाचवायला रात्रभर ब्लोअर बंद ठेवणं इथेच नडतं.

बसलेला गाळ तासा-दोन तासांत बुडबुड्यांसकट वर तरंगला, तर ते बुडबुडे नायट्रोजनचे; गाळ टँकमध्ये फार वेळ पडून राहतोय. सेटलिंग टँकमधला गाळ परत पाठवणारा पंप आधी तपासा.